आठांपैकी पाच : अबू धाबी 2021 च्या शेवटच्या लॅपचं प्रकरण

पावसाळा सरला की पुण्याच्या आसपास मातीच्या ट्रॅकवर बाइकच्या शर्यती पुन्हा सुरू होतात. त्याआधीच्या एका रविवारी माझ्या कोथरूडच्या घरी आठ-दहा नवे मार्शल जमतात. बहुतेक इंजिनिअरिंगची मुलंमुली असतात, कॉलेजच्या बाहा स्पर्धेच्या बग्गीवर रात्री जागवलेली. एकदोघं चाकणला शिफ्ट करणारी असतात. झेंडा कसा धरायचा, पडलेल्या रायडरकडे कुठल्या बाजूनं धावायचं, हे ट्रॅकवर उभं राहूनच शिकता येतं. घरी मी त्यांच्याबरोबर फक्त एका निर्णयाचा अभ्यास करतो. त्यासाठी जेवणाच्या टेबलावर पंधरा काडेपेट्या एकामागे एक मांडतो. पहिली सेफ्टी कार, म्हणजे अपघात झाला की रांगेच्या पुढे राहून सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी. बाकीच्या चौदा शर्यतीतल्या गाड्या. प्रत्येकीवर गाडीचा नंबर लिहिलेला असतो आणि नंबरावर चिकटपट्टी लावून तो झाकलेला असतो. पट्टी का लावली, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं सांगून टाकतो. फॉर्म्युला वन शर्यतींमध्ये मी लुइस हॅमिल्टनचा चाहता आहे. माझा भाचा मॅक्स वर्स्टॅपनचा. 12 डिसेंबर 2021 च्या रविवारी आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून अबू धाबीची ती शर्यत पाहिली. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली, आठच्या सुमारास संपली. भाचा उभा राहून ओरडत होता, मला बोलवत नव्हतं. मग ओरडणं थांबवून त्यानंच विचारलं, "मामा, पण पाचच का सोडल्या?" जिंकलेल्या बाजूच्या पोरालाही पडलेला हा प्रश्न, तोच या प्रकरणाचा गाभा आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पाच लॅप आणि एक भिंत

2021 च्या हंगामातली ती बाविसावी आणि शेवटची शर्यत. यास मरिना सर्किट, 58 लॅप. शर्यतीआधी हॅमिल्टन आणि वर्स्टॅपन दोघांचेही 369.5 गुण होते. शेवटच्या शर्यतीला दोन दावेदार समान गुणांवर उतरण्याचा प्रकार त्याआधी 1974 मध्ये, फिटिपाल्डी आणि रेगाझोनी यांच्या वेळी झाला होता. अर्धा गुण आला तो बेल्जियममधून. त्या वर्षी ऑगस्टमध्ये स्पा इथे धो धो पावसात गाड्या सेफ्टी कारच्या मागे नुसत्या फिरल्या आणि त्यावर अर्धे गुण वाटले गेले. हा तपशील मी मुलांना मुद्दाम सांगतो. सेफ्टी कारमागे संपलेली शर्यत किती फिकी वाटते, याची आठवण डिसेंबरमध्ये सगळ्यांच्या मनात ताजी होती. शेवट तसा नको, हा दबाव काही आकाशातून पडला नव्हता.

वर्स्टॅपन पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर, होता, पण सुरुवातीलाच हॅमिल्टन पुढे निघाला. पहिल्याच लॅपला वर्स्टॅपननं आतून मुसंडी मारली, हॅमिल्टन ट्रॅकबाहेरून वळून परत आला आणि पुढेच राहिला. स्ट्युअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याची चौकशी केली नाही. वर्स्टॅपनच्या संघाला, रेड बुलवाल्यांना, तो निर्णय आजही खटकतो, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे असं मला वाटतं. पुढे वर्स्टॅपनचा संघ-सहकारी सर्जिओ पेरेझ यानं दोन लॅप हॅमिल्टनला अडवून धरलं. 36 व्या लॅपच्या आसपास व्हर्च्युअल सेफ्टी कार आली, म्हणजे गाडी न पाठवताच सगळ्यांना वेग कमी करायला लावला. त्या संधीत वर्स्टॅपननं टायर बदलले. हॅमिल्टन मात्र 14 व्या लॅपला घातलेल्या हार्ड टायरवरच चालत राहिला. तरीही शेवटाकडे त्याच्याकडे अकरा-बारा सेकंदांची आघाडी होती आणि ती आटत नव्हती. आठवं विश्वविजेतेपद, जे आजवर कुणालाही मिळालेलं नाही, सहा लॅपवर आलं होतं.

53 व्या लॅपला विल्यम्सचा निकोलस लतिफी, मिक शूमाखरशी झुंजताना, 14 व्या वळणावर भिंतीवर आदळला. सेफ्टी कार बाहेर आली. तिच्यामागे गाड्या रांगेत जवळ येतात, सेकंदांची आघाडी उरत नाही.

आता दोघांपुढचे पर्याय पाहा. हॅमिल्टन टायर बदलायला पिटमध्ये गेला असता, तर मागचा वर्स्टॅपन बाहेरच राहून पुढे आला असता, आणि शर्यत पुन्हा सुरूच झाली नसती तर विजेतेपद तिथेच गेलं असतं. वर्स्टॅपनला गमावण्यासारखं काही नव्हतं. तो आत गेला, सॉफ्ट टायर घातले आणि परत दुसऱ्याच क्रमांकावर आला. म्हणजे आता पुढच्या गाडीचे टायर चाळीसहून जास्त लॅप चाललेले, मागच्या गाडीचे ताजे आणि मऊ, म्हणजे जास्त पकड देणारे. दोघांच्या मध्ये मात्र पाच गाड्या होत्या. त्या एक लॅप मागे पडलेल्या, पण ट्रॅकवर या दोघांच्या मध्ये आलेल्या : लँडो नॉरिस, फर्नांडो अलोन्सो, एस्तेबान ओकॉन, शार्ल लक्लेर आणि सेबास्टियन फेटल. वर्स्टॅपनच्या मागेही लॅप झालेल्या तीन गाड्या होत्या : डॅनियल रिकार्डो, लान्स स्ट्रोल आणि मिक शूमाखर. रिकार्डो आणि स्ट्रोल हे वर्स्टॅपन आणि तिसऱ्या क्रमांकाचा कार्लोस सेंझ यांच्या मधोमध होते.

एकूण आठ. हा आकडा लक्षात ठेवा.

नियम आणि त्याचा क्रम

सेफ्टी कार असताना लॅप झालेल्या गाड्यांना पुढे सोडण्याची पद्धत नियमात होती. 2021 च्या क्रीडा नियमावलीतलं ते 48.12 वं कलम. क्लार्क ऑफ द कोर्सला, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या अधिकाऱ्याला, ज्याला आपल्याकडे ट्रॅकवर सगळे सीओसी म्हणतात, सुरक्षित वाटलं तर लॅप झालेल्या गाड्यांना पुढे जाण्याची सूचना द्यायची. सूचना आली की त्या गाड्यांनी आघाडीच्या लॅपवरच्या गाड्या आणि सेफ्टी कार यांना ओलांडून निघायचं. अशी शेवटची गाडी लीडरच्या पुढे गेली की सेफ्टी कारनं पुढच्या लॅपच्या शेवटी आत यायचं. म्हणजे दोन पायऱ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लॅप आहे. त्या लॅपमागे कारण आहे. पुढे सोडलेल्या गाड्या पूर्ण वळसा घेऊन रांगेच्या शेपटीला येतात, आणि तेव्हा ट्रॅकवर माणसं असू शकतात.

पुढचं 48.13 वं कलम सांगतं, की सेफ्टी कार या लॅपला आत येतेय असा संदेश दिला की ती त्या लॅपच्या शेवटी आत येणार. आणि 15.3 व्या कलमानुसार सेफ्टी कारचा वापर ही बाब रेस डायरेक्टरच्या अधिकारात येते. त्याच्या संमतीशिवाय सीओसीनं त्याबाबत आदेश द्यायचा नाही.

रेस डायरेक्टर होते मायकल मासी. ऑस्ट्रेलियाचे. मार्च 2019 मध्ये, हंगामाच्या पहिल्याच शर्यतीच्या तोंडावर, चार्ली व्हाइटिंग यांचं अचानक निधन झालं आणि मासींना ती खुर्ची सांभाळावी लागली. 2020 मध्ये नुर्बुर्गरिंगला सेफ्टी कार फार वेळ ठेवली म्हणून ओरड झाली, तेव्हा याच मासींनी सांगितलं होतं, की लॅप झालेल्या सगळ्या गाड्यांना पुढे सोडणं नियमानं बंधनकारक आहे. सगळ्या. हा त्यांचाच खुलासा मी टेबलावर मांडतो, कारण वर्षभरानंतर त्याच कलमावरून वाद झाला तेव्हा त्यांनी आधी लावलेला अर्थ नोंदीवर होता.

56 व्या लॅपला संघांच्या पडद्यावर संदेश आला : लॅप झालेल्या गाड्यांना पुढे जाऊ दिलं जाणार नाही. हा निर्णय नियमात बसत होता. पुढे सोडायचं की नाही, हे सुरक्षिततेवर अवलंबून आहे आणि अपघाताची साफसफाई अजून चालू होती. शर्यत सुरू झाली असती तर वर्स्टॅपनला आधी पाच गाड्या पार कराव्या लागल्या असत्या.

मग रेडिओवर बोलणी झाली. रेड बुलचे प्रमुख ख्रिश्चन हॉर्नर विचारत होते, या गाड्या वाटेतून का हटवत नाही, आम्हाला शर्यतीचा एकच लॅप हवाय. मासी म्हणत होते, थोडं थांबा, आधी मला हा अपघात आवरू द्या. रेड बुलचेच जोनाथन व्हीटली यांचं बोलणं काही आठवड्यांनी बाहेर आलं. त्याचा आशय असा : त्यांना पूर्ण वळसा घालून रांगेच्या शेवटी येऊ द्यायची गरज नाही, फक्त पुढे सोडा, की आपल्या हातात शर्यत आहे. त्यावर मासींचं उत्तर होतं, समजलं.

57 व्या लॅपला दुसरा संदेश आला. त्यात नंबर होते : 4, 14, 31, 16, 5. या पाच गाड्यांनी सेफ्टी कारच्या पुढे जावं. लगेच पुढचा संदेश, सेफ्टी कार याच लॅपला आत येतेय. नियमाप्रमाणे आणखी एक लॅप थांबलं असतं तर ती 58 व्या लॅपच्या शेवटी आत आली असती आणि शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती.

शेवटच्या लॅपला पाचव्या वळणावर वर्स्टॅपन आत घुसला आणि पुढे गेला. 2.256 सेकंदांनी जिंकला. गुण 395.5 विरुद्ध 387.5. त्यानं काही चुकीचं केलं नाही. समोर रस्ता मोकळा दिसला की शर्यतपटू जातो, त्यासाठीच तो बसलेला असतो. हॅमिल्टनच्या मर्सिडीझ संघाचे प्रमुख टोटो वुल्फ रेडिओवर ओरडत होते, की हे बरोबर नाही. मासींनी त्यांना उत्तर दिलं, की याला मोटर रेस म्हणतात.

नंबर झाकून पाहा

इथे मी मुलांना थांबवतो आणि चिकटपट्ट्या लावलेल्या काडेपेट्यांकडे बोट दाखवतो. सांगतो : यात हॅमिल्टन कुठला, वर्स्टॅपन कुठला, तुम्हाला दिसत नाही. फक्त इतकं कळतं, की या सहा गाड्या आघाडीच्या लॅपवर आहेत आणि या आठ एक लॅप मागे. ट्रॅक मोकळा झालाय. दोन लॅप उरलेत. तुम्ही काय कराल?

इतक्या वर्षांत मला दोनच उत्तरं मिळाली आहेत. काही म्हणतात, आठही सोडा. काही म्हणतात, एकही सोडू नका, तसंच सुरू करा. मध्येच कुठून तरी पाच मोजून सोडा आणि तीन ठेवा, असं उत्तर कुणीही दिलेलं नाही. झाकलेल्या नंबरांनी ते सुचूच शकत नाही. पाच हा आकडा सुचण्यासाठी आधी माहीत लागतं, की पहिला कोण, दुसरा कोण, आणि पाहणाऱ्यांना कुणाची झुंज पाहायची आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. मासींनी वर्स्टॅपनला जिंकवायला हे केलं, असं मी म्हणत नाही, आणि तसं मानायला मला कुठलाच आधार दिसत नाही. त्यांना शर्यत संपताना शर्यत हवी होती. त्यांनी स्वतः स्ट्युअर्डांसमोर सांगितलं, की शक्य असेल तिथे शर्यत हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे सेफ्टी कारशिवाय, संपावी यावर सगळे संघ आधीपासून सहमत होते, आणि 48.12 चा हेतू आघाडीच्या गाड्यांच्या झुंजीत अडथळा आणणाऱ्या गाड्या हटवणं हा आहे. दोन्ही गोष्टी ऐकायला वाजवी आहेत. पण शेवट चांगला व्हावा ही इच्छा एकदा निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात शिरली, की तो उरलेल्या लॅपपासून उलटा मोजायला लागतो. एक लॅप हवा, म्हणजे सेफ्टी कार आत्ता आत, म्हणजे आठांना वेळ नाही, म्हणजे पाच. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला चिकटून येते. नियम मात्र पुढून मोजायचे असतात. ट्रॅक सुरक्षित आहे का, मग गाड्या, मग एक लॅप, मग सेफ्टी कार आत. या क्रमात शेवट कसा होईल याला जागाच नाही.

वादग्रस्त निर्णय फॉर्म्युला वनमध्ये पोत्यानं सापडतील. 2019 मध्ये कॅनडात फेटलनं पहिला येऊनही पाच सेकंदांच्या शिक्षेमुळे शर्यत गमावली आणि रागारागानं एक-दोनच्या पाट्यांची अदलाबदल केली. तो निर्णय मला कडक वाटतो. पण तिथे एका चालकानं काहीतरी केलं होतं आणि स्ट्युअर्डांनी त्यावर मत दिलं. तसं मत चुकू शकतं, ते पचवता येतं. अबू धाबीत चालकांपैकी कुणीच काही केलेलं नव्हतं. निर्णय देणाऱ्यानंच ट्रॅकवरची मांडणी बदलली. म्हणून मी नव्या मार्शलांना कॅनडा शिकवत नाही, अबू धाबी शिकवतो.

मला हे इतकं का लागतं

काही वर्षांपूर्वी पुण्याबाहेरच्या एका शर्यतीत मी टायमिंगच्या टेबलावर होतो. शेवटची फायनल, अंधार पडत आलेला. दोन रायडर धडकले, शर्यत थांबवणारा लाल झेंडा पडला. पुन्हा सुरू करायचं तर सगळ्यांना रांगेत लावायला वेळ हवा होता. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे उठायच्या तयारीत होते. आयोजकांपैकी एक जण माझ्याजवळ आला आणि म्हणाला, पुढचे चारच लावू, तीन लॅपची करून टाकू, पब्लिकला शेवट तरी मिळेल. सीओसी दमलेले होते, त्यांनी मान हलवली. मी कागदावर चार नंबर लिहिले आणि सही केली.

पाचव्या क्रमांकावर हडपसरचा एक मुलगा होता, वीसेक वर्षांचा. लाल झेंड्याआधीच्या तीन लॅपमध्ये त्यानं तीन रायडर मागे टाकले होते, आणि त्याचा वेग चौथ्यापेक्षा जास्त होता. ते माझ्याच कागदावर दिसत होतं. त्याचे वडील टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "साहेब, माझ्या पोरानं काय चूक केली?" मी म्हणालो, वेळ नव्हता. ते म्हणाले, "चौघांना होता की."

त्याला काय उत्तर द्यायचं, हे मला आजही सापडलेलं नाही. अबू धाबीत पाच नंबरांचा तो संदेश पडद्यावर उमटला, तेव्हा मला हॅमिल्टनच्या आधी ते वडील आठवले.

स्ट्युअर्डांचा कागद

त्या रात्री मर्सिडीझनं दोन तक्रारी दाखल केल्या. पहिली, सेफ्टी कार असताना वर्स्टॅपन हॅमिल्टनच्या पुढे आला होता अशी. ती किरकोळ होती आणि फेटाळली गेली. दुसरी 48.12 ची. रेड बुलचा युक्तिवाद असा, की कलमात लॅप झालेल्या कोणत्याही (any) गाड्या असं म्हटलंय, सगळ्या असं नाही. शिवाय आठही सोडल्या असत्या तरी निकाल तोच लागला असता.

पहिल्या युक्तिवादावर आमच्या टेबलावर नेहमी भांडण होतं. एका मुलीनं ते छान सोडवलं. ती म्हणाली, सर, हे मराठीत म्हणून बघा : जी जी गाडी लॅप झाली असेल, तिनं तिनं पुढे जायचं आहे. जी जी म्हटल्यावर आठांतली पाच होत नाहीत. मला तिचं म्हणणं पूर्ण पटलं. इंग्रजीतला तो छोटा शब्द सुटा काढून त्याचा कीस पाडता येतो, पण कलम पुढे म्हणतं, की त्या गाड्यांना पुढे जावंच लागेल. कुणीतरी निवडून काढायचं, असं त्यात कुठेही नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त त्रास देतो, कारण तो वरवर खरा आहे. आठही सोडल्या असत्या तर वर्स्टॅपन हॅमिल्टनच्या मागे तसाच आला असता. पण आठ सोडून त्याच लॅपला सेफ्टी कार आत आणणंही नियमाबाहेरच होतं. दोन नियमांपैकी एक मोडला म्हणून दुसऱ्याचा हिशेब चुकता होत नाही.

स्ट्युअर्डांनी लिहिलं, की 48.12 कदाचित पूर्णपणे लागू केलं गेलं नसेल, पण 48.13 त्याच्या वर आहे. सेफ्टी कार आत येतेय हा संदेश एकदा गेला, की तिला आत येणं भागच. आणि 15.3 नुसार सेफ्टी कारचा अधिकार रेस डायरेक्टरचा. मला हे वाचन मान्य नाही. 15.3 कलम सीओसी आणि रेस डायरेक्टर यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा, ते ठरवतं. रेस डायरेक्टरला बाकीची कलमं बाजूला ठेवायची मुभा ते देत नाही. नाहीतर सेफ्टी कारबद्दल बाकीची पानं छापायचीच कशाला?

पण त्याच कागदातल्या एका मुद्द्यावर स्ट्युअर्ड बरोबर होते. मर्सिडीझची मागणी होती, की निकाल 57 व्या लॅपअखेरचा धरावा. स्ट्युअर्डांनी म्हटलं, म्हणजे झालेली शर्यत मागाहून छोटी करायची, आणि ते योग्य नाही. पूर्ण धावलेला लॅप कुणी कसा पुसणार? वर्स्टॅपननं तो मारला होता. या मुद्द्यावर मी मुलांना बराच वेळ थांबवतो, कारण निर्णयाचा खरा धोका इथेच कळतो. चालक चुकला तर सेकंद जोडता येतात, क्रमांक खाली आणता येतो. अधिकारी चुकला आणि त्यावर शर्यत पुढे धावली, तर दुरुस्तीला काही हाती उरत नाही. हडपसरच्या मुलालाही मी नंतर काय देणार होतो?

मर्सिडीझनं अपिलाचा इरादा नोंदवला. त्यासाठी 96 तास मिळतात. 16 डिसेंबरला, पॅरिसच्या बक्षीस समारंभाच्या दिवशी, त्यांनी तो मागे घेतला. हॅमिल्टन समारंभाला गेला नाही.

दुसरा काय मार्ग होता

तीन मार्ग होते. 56 व्या लॅपला दिलेला पहिला संदेश कायम ठेवायचा आणि पाच गाड्या मध्ये ठेवूनच एक लॅप धावू द्यायचा. किंवा आठही गाड्या सोडायच्या, एक लॅप थांबायचं, आणि शर्यत सेफ्टी कारमागे संपली तर संपू द्यायची. किंवा लतिफीच्या अपघातानंतर लगेच लाल झेंडा. त्याच वर्षी जूनमध्ये बाकूला वर्स्टॅपनचा टायर फुटल्यावर तसं केलं होतं. सगळ्यांना टायर बदलता आले, जागेवरून नवी सुरुवात झाली, दोन लॅपची झुंज झाली.

लाल झेंड्याचा मार्ग बहुतेकांना आवडतो. मला तो तेवढा आवडत नाही. 2023 मध्ये मेलबर्नला शेवटच्या दोन लॅपसाठी लाल झेंड्यानंतर शर्यत सुरू केली, पहिल्याच वळणांवर गाड्या एकमेकांवर आदळल्या, पुन्हा लाल झेंडा, आणि शेवट सेफ्टी कारमागेच. तरीही अबू धाबीत लाल झेंडा दाखवला असता, तर तो सगळ्यांना सारखा लागला असता. नंबर झाकूनही घेता आला असता. तिन्ही मार्ग या कसोटीला उतरतात. निवडला तो चौथाच उतरत नाही.

2022 च्या सप्टेंबरमध्ये मोन्झाला तशीच वेळ आली. रिकार्डोची गाडी शेवटच्या लॅपांमध्ये बंद पडली आणि शर्यत सेफ्टी कारमागे संपली. वर्स्टॅपन जिंकला, फेरारीच्या गर्दीनं शिट्ट्या मारून निषेध केला. त्या दिवशी भाचा फोनवर म्हणाला, "मामा, किती बोअर झालं." मी म्हणालो, झालं खरं. पण त्या दिवशी कुणाच्याही वडिलांना विचारायला काही उरलं नव्हतं.

पुढे काय बदललं

17 फेब्रुवारी 2022 ला मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेनं, एफआयएनं, मासींना पदावरून हटवलं. नील्स विटिश आणि एदुआर्दो फ्रेइतास यांनी आळीपाळीनं काम पाहायचं ठरलं, आणि हर्बी ब्लॅश यांना सल्लागार नेमलं. शर्यत चालू असताना संघांनी थेट रेस डायरेक्टरशी रेडिओवर बोलायचं बंद झालं. हा बदल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाच लॅपमध्ये एका माणसानं ट्रॅकवरची माणसंही सांभाळायची, रेडिओवरच्या दोन संघप्रमुखांचंही ऐकायचं, आणि त्यातूनही नियमाची पानं क्रमानं उलटायची, हे कुणालाच जमलं नसतं.

19 मार्चला अहवाल आला. मासींनी सद्भावनेनं काम केलं, पण सगळ्या लॅप झालेल्या गाड्या सोडल्या गेल्या नाहीत ही मानवी चूक झाली, असं त्यात आहे. निकाल मात्र कायम. लॅप झालेल्या गाड्या हातानं शोधाव्या लागत, ते काम आता संगणकावर आलं. कलमातला तो छोटा शब्द बदलून सगळ्या असा झाला. आणि सूचना दिल्यापासून पुढच्या लॅपच्या शेवटी सेफ्टी कार आत, असा हिशेब सोपा केला गेला. मानवी चूक या शब्दाशी मी पूर्ण सहमत नाही. मोजताना चुकून पाच धरले जाऊ शकतात, पण ते पाच नेमके दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपाशी येऊन थांबत नाहीत. तरी सद्भावना मला मान्य आहे. मासींना नंतर धमक्या आल्या, जगातला सगळ्यात तिरस्कृत माणूस आपणच असं वाटायचं, असं त्यांनी एका मुलाखतीत सांगितलं. ते वाचून वाईट वाटलं. अधिकाऱ्याच्या निर्णयावर कडाडून बोलावं, पण त्याच्या घरच्यांची झोप उडवणं हे दुष्टपणाचं आहे.

गेल्या खेपेला टेबलावर एक गोष्ट नव्यानं निघाली. सगळ्या पट्ट्या काढून झाल्या होत्या. पाच पेट्या उचलून आम्ही पुढे ठेवल्या होत्या. चिंचवडहून आलेली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. तिनं रिकार्डो आणि स्ट्रोल यांच्या पेट्या बोटानं बाजूला सरकवल्या आणि 55 नंबरची सेंझची पेटी वर्स्टॅपनच्या अगदी मागे आणून लावली.

"सर, याच्यासाठी रेडिओवर कोण बोललं?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. सेंझ तिसरा आला. पुढच्या दोघांवर चाल करायला त्यालाही एक लॅप होता, पण त्याच्यासमोर दोन गाड्या तशाच ठेवल्या होत्या. हॅमिल्टनवर अन्याय झाला असं म्हणत मी इतकी वर्षं हे प्रकरण शिकवत आलो, आणि तिसऱ्या काडेपेटीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. तिनं त्या दोन पेट्या परत जागेवर ठेवल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.